ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचे ब्रेक दोन बोल्टवर टिकून असतात, त्या बोल्टचे आटे गेले तर काय करायचं?

बाईकचं ऑइल बदलायला गेल्यावर एक प्रसंग अनेकांनी पाहिलेला असतो. गॅरेजवाला खालचा ड्रेन बोल्ट कसत असतो, पाना फिरत राहतो, पण बोल्ट काही आवळत नाही. मग तो वर बघतो आणि म्हणतो, "आटे गेलेत. हेलिकॉइल मारायला लागेल." इंजिनाचं केसिंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट स्टीलचा आणि आजवर प्रत्येकाने "थोडा अजून" म्हणत कसलेला. नुकसान म्हणाल तर थेंब थेंब गळणारं ऑइल आणि लेथवाल्याकडे एक चक्कर.

आता हाच प्रकार कारच्या ब्रेकमध्ये झाला तर?

रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो सहसा होत नाही. पण आपली गाडी घेऊन रेस ट्रॅकवर जाणाऱ्यांची संख्या आता भारतातही वाढतेय. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे अशा ठिकाणी 'ट्रॅक डे' होतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी तिच्या ताकदीनुसार पळवायची. या मंडळींच्या गाडीत टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल यांची चर्चा भरपूर होते. ज्या दोन बोल्टवर आख्खा कॅलिपर लटकलेला असतो, त्यांच्या आट्यांकडे मात्र ते मेल्यावरच लक्ष जातं.

आधी कॅलिपर म्हणजे काय ते बघू

चाकाबरोबर एक लोखंडी चकती फिरते, ती डिस्क. या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडणारा भाग म्हणजे कॅलिपर. त्याच्या आत पिस्टन आणि ब्रेक पॅड असतात. पेडल दाबलं की पिस्टन पॅडला ढकलतात, पॅड डिस्कला आवळतात आणि गाडी थांबते.

पण डिस्क तर फिरतेय, मग तिच्याबरोबर कॅलिपर का फिरत नाही? कारण तो ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक 'नकल' म्हणतात, त्या भागाला बोल्टने घट्ट बांधलेला असतो. चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन ज्याला जोडलेलं असतं, तो हा नकल. गाडी थांबवण्याचा सगळा जोर डिस्ककडून कॅलिपरकडे, कॅलिपरकडून दोन बोल्टच्या जोडाकडे आणि तिथून नकलकडे जातो.

साध्या गाड्यांमध्ये नकल बहुतेकदा बिडाचा किंवा स्टीलचा असतो. स्टीलचा बोल्ट आणि लोखंडी आटे, त्यामुळे जोडी तुल्यबळ असते. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र वजन कमी करायचं असतं. चाकाकडचा भाग जितका हलका, तितकी गाडी खड्ड्यात आणि वळणावर जास्त नीट वागते. म्हणून तिथे ॲल्युमिनियम येतं. पोर्शे ९११ हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. या गाडीच्या ९९६ आणि ९९७ या पिढ्यांमध्ये कॅलिपरचे १२ मिलिमीटर जाडीचे स्टीलचे बोल्ट थेट ॲल्युमिनियमच्या नकलमध्ये कापलेल्या आट्यांत जातात. काही गाड्यांत उलटं असतं, आटे नकलमध्ये नसून कॅलिपरच्याच ॲल्युमिनियममध्ये असतात. दुखणं तेच, फक्त जागा बदलते.

कंपनीने एवढं डिझाइन केलं, मग आटे जातात कसे?

कारण कंपनीने हा बोल्ट इतक्या वेळा उघडला जाईल असं धरलेलंच नसतं.

रस्त्यावरच्या गाडीचा हिशोब सोपा आहे. पॅड बदलायचे तर बहुतेक गाड्यांत कॅलिपरच्या छोट्या गाइड पिनचे बोल्ट काढले की काम होतं. नकलला लागलेले मोठे बोल्ट डिस्क बदलतानाच निघतात. म्हणजे गाडीच्या आख्ख्या आयुष्यात दोन-चार वेळा.

ट्रॅकवाल्याचा हिशोब वेगळा असतो. रस्त्यावरचे पॅड ट्रॅकच्या तापमानाला टिकत नाहीत आणि ट्रॅकचे पॅड रस्त्यावर थंड असताना नीट धरत नाहीत, वर किंचाळतात. म्हणून ट्रॅक डेच्या आदल्या दिवशी एक जोडी चढते, परत आल्यावर दुसरी. कॅलिपरचं वरचं तोंड उघडं असेल तर पॅड वरून ओढून काढता येतात. पण ज्या कॅलिपरला वरून आडवा दांडा असतो, त्यात पॅड काढायला कॅलिपरच सोडवावा लागतो. समजा कुणी वर्षाला आठ ट्रॅक डे करतो. प्रत्येक वेळी जाताना एकदा आणि आल्यावर एकदा, म्हणजे वर्षाला सोळा वेळा. पाच वर्षांत ऐंशी. ज्या आट्यांवर आयुष्यभरात चार-पाच वेळा बोल्ट चढेल असं धरलं होतं, त्यांच्यावर तो ऐंशी वेळा चढलेला असतो.

बरं, या आट्यांवर भार किती असतो? पोर्शेच्या या बोल्टला ८५ न्यूटन मीटर टॉर्क लावायचा असतो. इथे एक गंमत आहे. आपण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के जोर बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच संपतो. उरलेल्या दहा टक्क्यांतून बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच कॅलिपरला नकलवर दाबून धरतो. पण ते दहा टक्केही थोडेथोडके नाहीत. गणित केलं तर एका बोल्टमागे साधारण साडेतीन टनांची पकड निघते.

हा भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. बोल्ट शिरतो त्या तोंडाजवळचा पहिला आटा एकटाच जवळपास एक तृतीयांश भार घेतो, पुढचा त्याहून कमी, आणि आत जाल तसं कमी कमी. म्हणून आटे मरतात ते तोंडापासून. पहिला गेला की त्याचा भार दुसऱ्यावर येतो, मग तिसऱ्यावर. इतके दिवस काही झालं नाही आणि आज अचानक गेले असं ज्यांना वाटतं, त्यांच्या आट्यांची ही रांग बरीच आधी सुरू झालेली असते.

बोल्ट मात्र मजेत असतो. अशा ठिकाणी बहुतेकदा १०.९ ग्रेडचा बोल्ट असतो, हा आकडा त्याच्या डोक्यावरच कोरलेला असतो. १२ मिलिमीटरचा असा बोल्ट साडेतीन टनांच्या दुप्पट ताणही सहज पेलतो. त्यामुळे जास्त कसल्यावर बोल्ट तुटत नाही, समोरचं मऊ ॲल्युमिनियम सोलून निघतं.

त्यात भर उष्णतेची

१४०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणायची, तर साधारण १८ लाख जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पाच-सहा लिटर पाणी उकळीला यायला जितकी उष्णता लागते, तेवढी. आणि हे घडतं तीन-चार सेकंदांत. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब असा सरळ पट्टा आहे आणि त्याच्या शेवटी जवळजवळ उलटं वळावं लागतं. तिथे प्रत्येक फेरीला हा प्रकार होतो.

ॲल्युमिनियम गरम झाल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. बोल्ट स्टीलचा आणि त्याने आवळून धरलेला भाग ॲल्युमिनियमचा असेल, तर गरम झाल्यावर बोल्टवरचा ताण आपोआप वाढतो, थंड झाल्यावर उतरतो. एका दिवसात असे कित्येक हेलपाटे. शिवाय दोन वेगळे धातू आणि मध्ये ओलावा म्हणजे गंज आलाच. यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी तयार होते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत उभ्या असणाऱ्या गाडीत ही भुकटी लवकर दिसते. ती आट्यांत अडकली की बोल्ट काढताना धातूला धातू घासतो आणि आट्याचे तुकडे बोल्टलाच चिकटून बाहेर येतात.

आटे टिकवायचे असतील तर

पहिली गोष्ट, इम्पॅक्ट गन इथे चालत नाही. ट्रॅकवर घाई असते, शेजारी कुणीतरी चाकाचे नट गनने टर्र टर्र काढत असतो, ती गन हातात येते आणि तीच कॅलिपरच्या बोल्टला लावली जाते. काढताना एक वेळ ती माफ होईल, लावताना अजिबात नाही. बोल्ट किंचित तिरका लागला तर हाताला लगेच कळतं, गनला कळत नाही. ती तिरकाच आत घुसवते आणि नवे आटे कापते.

बोल्ट लावायची जुन्या फिटर लोकांची एक पद्धत आहे. बोल्ट भोकात ठेवायचा आणि आधी उलटा फिरवायचा. एका जागी 'टक्' असा हलका धक्का बसतो. तिथे बोल्टचा आटा भोकाच्या आट्याच्या सुरुवातीला येऊन टेकलेला असतो. तिथून सुलट फिरवायचं. निदान पाच-सहा वेढे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. नाही गेले तर पाना उचलायचा नाही, बोल्ट बाहेर काढून बघायचं.

हे करताना कॅलिपरचं वजन हाताने पेलून धरावं लागतं. पॅडसकट मोठा कॅलिपर चार-पाच किलोंचा सहज भरतो. एक बोल्ट काढला, दुसरा निम्मा निघालाय आणि कॅलिपर सोडून दिला, की ते सगळं वजन उरलेल्या दोन-तीन आट्यांवर तिरकं लटकतं. आट्यांचं बरंच नुकसान बोल्ट कसताना नाही, काढताना असं होतं. दोन माणसं असतील तर काम सोपं होतं.

स्वच्छता दरवेळी करायची. बोल्ट आणि भोक दोन्हींवर ब्रेक क्लीनर मारून, चष्मा लावून, कंप्रेसरच्या हवेने फुंकून घ्यायचं. आट्यांत जुनं थ्रेडलॉक किंवा ती पांढरी भुकटी अडकली असेल तर अनेक जण लगेच टॅप फिरवतात. साध्या टॅपला धार असते, तो घाणीबरोबर थोडं ॲल्युमिनियमही कापतो. दरवेळी टॅप फिरवला तर दरवेळी आटे सैल होत जातात. त्याऐवजी थ्रेड चेसर नावाचं अवजार मिळतं, ते कापत नाही, फक्त साफ करतं. ते नसेल तर त्याच मापाच्या जुन्या चांगल्या बोल्टला हॅक्सॉ ब्लेडने लांबीच्या दिशेने दोन-तीन चिरा पाडायच्या, कडा कानशीने मऊ करायच्या आणि तो हाताने आत-बाहेर फिरवायचा. घाण चिरांमध्ये गोळा होते. याला जुगाड म्हणायचं तर म्हणा, पण हा बरोबर असलेला जुगाड आहे.

बोल्टही तपासायचा. नवा नट त्यावर बोटाने शेवटपर्यंत विनाअडथळा फिरला पाहिजे. बोल्ट मध्येच बारीक झालेला दिसला किंवा नव्यापेक्षा लांब भरला तर तो ताणला गेलाय, कचऱ्यात टाकायचा. काही कंपन्या तर कॅलिपरचे बोल्ट दरवेळी नवेच लावायला सांगतात. यामागे फक्त विक्री नसते. अशा बोल्टवर कंपनीने एक थर दिलेला असतो, त्याने घर्षण ठरावीक राहतं. चार वेळा उघडून, तारेच्या ब्रशने घासून तो थर गेला की तोच टॉर्क लावूनही पकड वेगळी मिळते.

आणि गाडी थंड होऊ द्या. वीस मिनिटं ट्रॅकवर पळून आलेली गाडी, तिचा कॅलिपर हाताला चटका बसेल इतका तापलेला, आणि पुढच्या सेशनआधी पॅड बदलायची घाई. ट्रॅकवर दिसणाऱ्या चुकांमध्ये ही चूक सगळ्यात महाग पडणारी.

ग्रीस लावायचं की नाही?

यावरून ट्रॅकवाल्यांमध्ये कायम दोन तट असतात. एक गट म्हणतो, अँटीसीझ लावा, धातू धातूला धरणार नाही, गंज लागणार नाही, आटे टिकतील. दुसरा म्हणतो, कंपनीने टॉर्कचा आकडा कोरड्या बोल्टसाठी दिलाय, चिकट काही लावलं की हिशोब बिघडतो.

दोघांचंही खरं आहे. कोरड्या बोल्टला ८५ न्यूटन मीटरमध्ये साडेतीन टनांची पकड मिळत असेल, तर वंगण लावलेल्या बोल्टला तेवढ्याच टॉर्कमध्ये पावणेपाच टनांच्या आसपास मिळू शकते. घर्षणात वाया जाणारा जोर वाचतो आणि तो सगळा आट्यांवर जातो. म्हणजे आटे वाचवायला लावलेलं ग्रीसच आटे सोलू शकतं. म्हणून गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच करणं शहाणपणाचं. वंगण लावायचंच असेल तर वंगणासाठीचा वेगळा टॉर्क कुठल्यातरी विश्वासू ठिकाणाहून, म्हणजे गाडी किंवा बोल्ट बनवणाऱ्याकडून घ्यायचा, अंदाजाने नाही. आणि लावायचं ते बारीक फिल्मसारखं, आट्यांवर. पॅड किंवा डिस्कला त्याचा स्पर्शही होता कामा नये.

टॉर्क रेंचबद्दल एकच सांगायचं. एका सलग ओढीत 'क्लिक' झालं की थांबायचं. क्लिक ऐकून समाधान होत नाही म्हणून पुन्हा दोनदा क्लिक करणारे लोक असतात. दरवेळी ते आट्यांना थोडं अजून पिळतात. त्यानंतर बोल्टच्या डोक्यावरून नकलपर्यंत पेंट मार्करने एक रेघ मारली की काम सोपं होतं. प्रत्येक सेशननंतर चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून बघायचं. रेघ जुळलेली असेल तर बोल्ट फिरलेला नाही, दरवेळी पाना लावायची गरज पडत नाही.

स्टड लावले तर कटकटच संपते का?

बऱ्याच अंशी, हो. स्टड म्हणजे दोन्ही बाजूंना आटे असलेला, डोकं नसलेला बोल्ट. त्याचं एक टोक ॲल्युमिनियममध्ये कायमचं बसवतात आणि ते पुन्हा काढत नाहीत. कॅलिपर त्या स्टडवर सरकवायचा आणि बाहेरून नट लावायचा. आता दरवेळी जे उघडतं आणि बंद होतं, ते स्टीलच्या स्टडवरचा स्टीलचा नट. झिजला तर नट झिजेल, तो स्वस्तात मिळतो. शिवाय दोन स्टडवर कॅलिपर आपोआप सरळ बसतो, बोल्ट तिरका शिरण्याचा प्रश्नच राहत नाही. पोर्शेसारख्या गाड्यांसाठी असे तयार किट अनेक कंपन्या विकतात.

पण हे प्रत्येक गाडीला जमत नाही. कॅलिपरचे बोल्ट चाकाच्या मध्याच्या दिशेने, म्हणजे बाहेरून आत येत असतील, तर कॅलिपर बाहेरच्या बाजूला ओढून काढता येतो आणि स्टड आडवा येत नाही. बोल्ट धुऱ्याला समांतर असतील, तर कॅलिपर काढताना तो आडवा सरकवावा लागेल, आणि मध्ये डिस्क असते. तिथे लांब स्टड लावला तर कॅलिपर निघणारच नाही. बाहेर आलेलं स्टडचं टोक चाकाच्या रिमला लागत नाही ना, हेही बघावं लागतं.

स्टड बसवायची वेळ कोणती? आटे चांगले असतात तेव्हा. मेलेल्या आट्यांत थ्रेडलॉक भरून स्टड बसवला तर तो दुरुस्त झाला असं होत नाही.

आटे गेलेत हे ओळखायचं कसं?

बोल्ट बाहेर काढल्यावर त्याच्या खाचांमध्ये चांदीसारखा चकचकीत, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला कीस दिसला, तर तो आट्यांचाच तुकडा आहे. निम्मा आत गेलेला बोल्ट हाताने हलवल्यावर नेहमीपेक्षा जास्त डुगडुगत असेल, तर तीही खूण. पण सगळ्यात ठळक खूण टॉर्क रेंचवर मिळते. नेहमी बोल्ट टेकल्यावर जोर झपाट्याने चढतो आणि क्लिक होतं. आटे सोलायला लागले की पाना फिरतो पण जोर चढत नाही, लोण्यात फिरवल्यासारखं वाटतं.

त्या क्षणी थांबायचं. माणसाचा स्वभाव असा की तो अजून पाव वेढा देऊन बघतो. किंवा टॉर्क थोडा कमी करून, "दुसरा बोल्ट आहे की धरायला" असं म्हणत गाडी ट्रॅकवर नेतो. जोरात ब्रेक मारल्यावर पुढच्या एका कॅलिपरवर टनाहून जास्त जोर येतो. एक बोल्ट सैल असेल तर कॅलिपर दुसऱ्याभोवती फिरून रिमच्या आतल्या बाजूवर आपटू शकतो, ब्रेकची नळी तोडू शकतो, चाक जाम करू शकतो. आणि हे होणार ते पार्किंगमध्ये नाही, सरळ पट्ट्याच्या शेवटी, सगळ्यात जास्त वेग असताना. त्या दिवशीचे भरलेले पैसे सोडायचे आणि गाडी ट्रेलरवर घालायची, दुसरा पर्याय नाही.

दुरुस्ती कशी होते?

आधी काय करायचं नाही ते. भोकात एम-सील किंवा इपॉक्सी भरायचं नाही, टेफ्लॉन टेप गुंडाळायची नाही. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा कापायचं, हेही नाही. कारण असे ॲल्युमिनियमचे भाग उष्णतेची ठरावीक प्रक्रिया देऊन कणखर केलेले असतात आणि वेल्डिंगच्या झळीने तेवढा भाग पुन्हा मऊ पडतो. जाड बोल्ट लावायचा तर कॅलिपरचं भोकही मोठं करावं लागेल, म्हणजे एकाच्या जागी दोन भाग बिघडवायचे.

योग्य उपाय म्हणजे थ्रेड इन्सर्ट. खराब आटे ड्रिलने काढून टाकायचे, थोड्या मोठ्या मापाचे नवे आटे कापायचे, त्यात स्टीलचं अस्तर बसवायचं आणि त्या अस्तराच्या आत पुन्हा मूळ मापाचे आटे मिळतात. बोल्ट तोच, टॉर्क तोच.

यातला सर्वांना माहीत असलेला प्रकार हेलिकॉइल. हे खरं तर एका ब्रँडचं नाव, पण झेरॉक्ससारखं सगळ्यालाच लागलं. स्टेनलेस स्टीलच्या तारेची ती स्प्रिंग असते. स्वस्त, मजबूत आणि सगळीकडे मिळणारी. पण सतत उघडबंद होणाऱ्या जागी तिची एक खोड आहे, कधी कधी बोल्टबरोबर तीही बाहेर येते. दुसरा प्रकार टाइमसर्टसारखा सलग बुश. त्याला वर छोटी कॉलर असते आणि बसवताना त्याचे खालचे आटे बाहेरच्या बाजूला फुलवले जातात, त्यामुळे तो जागेवर पक्का बसतो. तिसरा कीनसर्टसारखा, ज्याच्या कडेच्या छोट्या चाव्या ठोकून खाली बसवतात आणि त्या बुशला फिरू देत नाहीत. दरवेळी पॅडसाठी कॅलिपर काढावा लागत असेल, तर सलग बुशसाठी जास्त पैसे मोजणं परवडतं.

इन्सर्टने भाग कमकुवत होतो असा समज आहे. नीट बसवला तर उलट होतं. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठीच्या हेलिकॉइलचा बाहेरचा व्यास १४ मिलिमीटरच्या जवळ जातो, म्हणजे ॲल्युमिनियमला धरायला जास्त जागा मिळते. आणि बोल्ट आता स्टीलमध्ये फिरतो. विमान उद्योगात तर नव्याकोऱ्या ॲल्युमिनियमच्या भागांतही सुरुवातीपासून इन्सर्ट घालतात.

सगळी मेख आहे ती 'नीट बसवला तर' यात. ड्रिल सरळच गेला पाहिजे. एक अंश तिरका गेला, तर ७० मिलिमीटर लांबीच्या बोल्टचं दुसरं टोक सव्वा मिलिमीटरने सरकतं. मग कॅलिपर डिस्कला सरळ बसत नाही, पॅड तिरके झिजतात. गाडीखाली आडवं पडून हॅण्ड ड्रिलने हे काम करणारे आहेत, पण नकल काढून ड्रिल प्रेस किंवा मिलिंग मशीनवर करून घेणं कधीही चांगलं. पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यांत असं काम हातखंडा असलेले टर्नर सहज सापडतात. त्यांना फक्त नीट सांगावं लागतं, की हा ब्रेकचा भाग आहे आणि भोक मूळ भोकाच्या रेषेतच पाहिजे. गाडीवरच करायचं झालं तर ड्रिलला सरळ धरणारा गाइड बुश लागतोच.

ड्रिल आणि टॅप किटबरोबर आलेलेच वापरायचे, घरातला जवळच्या मापाचा नाही. टॅप मारताना रॉकेल सोडत राहायचं, ॲल्युमिनियमसाठी आपल्या वर्कशॉपमध्ये पूर्वापार तेच वापरतात. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, म्हणजे कीस तुटत जातो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं तर कीस त्यात चिकटून बाहेर येतो. शेजारी चाकाचं बेअरिंग आणि एबीएसचा सेन्सर असतो, तिथे कीस जाऊ नये म्हणून आधीच चिंध्या कोंबून ठेवायच्या. हेलिकॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वेढा खाली बसली पाहिजे. कॉलरवाला बुश असेल तर कॉलर पूर्ण आत गेली पाहिजे, जराही वर राहिली तर कॅलिपर तिच्यावर टेकतो, नकलवर नाही, आणि टॉर्क बरोबर दाखवूनही पकड खोटी असते.

झाल्यावर एकदम पूर्ण टॉर्क न देता टप्प्याटप्प्याने द्यायचा. मग रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी तपासायचा. पेंटची रेघ मारून आधी रस्त्यावर हळू, मग थोडे कडक ब्रेक, पुन्हा रेघ बघायची, आणि नंतरच ट्रॅक.

काही वेळा दुरुस्ती करायचीच नसते. भोकाजवळ तडा दिसला, आधीचा इन्सर्टच उपटून आला किंवा भोकाच्या कडेला धातूची भिंत पातळ उरली असेल, तर नकल बदलायचा. तडा शोधायला डाय पेनिट्रंट म्हणजे लाल रंगाची फवारणी करून बघता येतं. धातूत रेघ असेल तर रंग तिथून झिरपून दिसतो.

आणि एका चाकाचा एक आटा गेला की काम त्या एका भोकावर संपत नाही. चार कॅलिपर, आठ बोल्ट. बाकीचे सातही तितक्याच वेळा उघडलेले असतात, बहुतेकदा त्याच माणसाने, त्याच पान्याने. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार जास्त असतो आणि तेच जास्त वेळा उघडतात, म्हणून तिथून सुरुवात करायची. ज्यांचे आटे अजून शाबूत आहेत त्यांना स्टड बसतात का बघायचं, जे सैल वाटतात त्यांना त्याच फेरीत बुश करून घ्यायचे, आणि कुठल्या भोकात काय बसवलंय हे तारखेसकट गाडीच्या सर्व्हिस वहीत लिहून ठेवायचं. पुढे गाडी विकली गेली, तर नव्या मालकाच्या हातात पाना असताना ही नोंद त्याच्याही समोर असेल.